भाषण तयार आहे, काका

भिलाईच्या आमच्या भागात कुणी गेलं, की मंडपवाल्याच्याही आधी काकांना निरोप जायचा. मंडप उशिरा आला तर लोक झाडाखाली बसले असते. पण काकांशिवाय आदरांजली सभा कशी करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्रिशरण-पंचशील होई, दोन-तीन नातेवाईक उठून चार शब्द बोलत, रडू फुटलं की बसत, आणि मग काका माइककडे निघत. अंगात पांढरा शर्ट आणि पायात प्लांटचे, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्याचे, काळे सेफ्टी बूट. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी सभेला तेच बूट. विहाराच्या दाराशी चपलांच्या गर्दीत ते दोन बूट दिसले, की आज काका बोलणार हे समजायचं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "भाषन जोखमीचं काम आहे बापा. काही पायावर पडलं तं?"

पोरं त्यांना माइकवाले काका म्हणायची. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, "नाव कायले लिवलं? नाव तं रेशन कार्डावरबी आहे."

ते जाऊन आज पाच दिवस झाले. सकाळचा चहा पूर्ण पिऊन गेले; अर्धा कप टाकून जाणं त्यांना जमलं नसतं. परवा त्यांची सभा आहे आणि बोलायचं मी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मी शाळेत हिंदी शिकवते, घरी मराठी पुस्तकं वाचते आणि चारचौघांत दोन्ही भाषांत गप्प असते. म्हणून आधी लिहून पाहते आहे. माझं लिहिणं सावकाश होतं. काका असते तर म्हणाले असते, "मास्तरीनबाई, तवरक दुसरा कोनी जाईन."

प्लांटमध्ये ते रेल मिलला तपासणीवर होते. तयार रूळ समोरून सरकत जायचे आणि कुठे भेग, डाग, फुगवटा दिसला की काका खडूने फुल्ली मारायचे. पुढे तिथे रुळाच्या पोटातलं पाहणारं यंत्र आलं आणि काकांना दुसऱ्या विभागात पाठवलं. त्याचं त्यांना दुःख झालं का, असं मी एकदा विचारलं होतं. "मले वरचंच दिसे, त्याले आतलं दिसे. त्याले म्हनू का, बाबू, तू डोळे मीट, माह्या पोटावर पाय येऊन राहिला? त्या रुळावरून मानसं जातात ना."

खडू सुटला तरी फुल्ली मारायची सवय सुटली नाही. दुसऱ्याच्या भाषणात 'कधीही भरून न निघणारी पोकळी' आली, की ते बसल्या जागी बोटाने मांडीवर फुल्ली मारत आणि माझ्याकडे वळून कुजबुजत, "पोकळी निघाली. रिजेक्ट." 'काळाने घाला घातला' यालाही फुल्ली. 'हसतमुख' या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. "चाळीस वर्सं कोक ओव्हनच्या धगीत काम केलं त्यानं. कवा हासन तो?"

त्यांची माझी ओळख माझ्या वडिलांच्या मरणातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ घरी आले, चहा मागून घेतला आणि मला विचारलं, "तुझा बाप ताटात काय टाकून देई?" मला संताप आला. घरात माणूस गेलेला आणि हा खरकट्याची चौकशी करतोय. तरी तोंडातून निघून गेलं, "टमाट्याची सालं." पुढचा प्रश्न, "चिडे कशावर?" पंख्यावर, मी म्हटलं. खोलीत कुणी नसताना पंखा चालू दिसला की. "अन् बोलनं कोनासंगं बंद होतं?" एवढ्यात आई आतून बाहेर येऊन बसली होती आणि तिने सांगायला सुरुवात केली. दोन तास लागले. सभेत काकांनी एवढंच सांगितलं, की हा माणूस लोकांच्या घरी बसायला गेला तरी त्यांच्या रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करून यायचा, आणि लोक त्याला चहा देण्याआधी सगळ्या खोल्यांत जाऊन बसायचे. अख्खा मंडप हसला. आणि मला वडील त्या क्षणी इतके स्पष्ट दिसले, की मी पहिल्यांदा रडले.

त्यानंतर वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले. कॅम्प-1 च्या गल्ल्या, खुर्सीपारची एकाला एक लागलेली घरं, सेक्टरांतली क्वार्टरं. ते विचारायचे, मी टिपून घ्यायची. सभेआधी मी त्यांना एक छोटी चिठ्ठी करून द्यायची. ती ते हातात धरत, पण वाचत कधीच नसत, कारण चष्मा घरी असायचा. "चिठ्ठी दिसली का लोकाले वाटते, खरं बोलून राहिला."

मग फोन भाषणं लिहायला लागले.

पहिली सभा मला आठवते. एका निवृत्त वेल्डरची. सून उठली, फोन हातात धरला आणि असं नितळ मराठी वाचलं, की मी थक्क झाले. असं मराठी आमच्याकडे पुस्तकातसुद्धा मुश्किलीने मिळतं. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. परत येताना काका म्हणाले, "मले रडू आलं ना बाई."

"छानच होतं, काका."

"हो. सेक्टर ओलांडल्यावर आठोलं, तो तं मले कवा आवडतच नव्हता."

पाहता पाहता निरोप यायचे थांबले. कुणी अपमान केला नाही. काका म्हातारे झाले, कशाला त्यांना त्रास, असंच प्रत्येक जण म्हणे. काका सकाळी बूट पुसून दाराशी ठेवत आणि दिवसभर ते बूट तिथेच असत. एकदा मी गेले तर ते काकूंचे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावत होते. "यायले काही काम सांग बाई," काकू मला म्हणाल्या, "काल मेथी निवडता निवडता मेथीवर बोलले." त्या उन्हाळ्यात त्यांच्या कूलरची मोटर जळली. काकांनी कूलरसमोर उभं राहून त्याला आदरांजली वाहिली. मी स्वतः ऐकली. हा कूलर पाणी जास्त प्यायचा आणि काम कमी करायचा, पण आवाज असा करायचा की शेजाऱ्यांना वाटे यांच्याकडे गारेगार आहे. असं ते पंधरा मिनिटं बोलले. काकू हसून हसून खाली बसल्या. मी हसले, आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते हसत नव्हते. बोलायला मिळालं म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

तेव्हाच केव्हातरी त्यांनी मला विचारलं, "मास्तरीनबाई, ते मशीन दाखव बरं. पाहू, कोन आहे तो."

मी माझा फोन दिला आणि बोलून विचारता येतं हे दाखवलं. काका सावरून बसले. त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "तुह्या घरी कोनी मेलं का?" फोनने अदबीने सांगितलं की मला घर किंवा नातेवाईक नाहीत, परंतु आपल्या दुःखात मी सोबत आहे, मी काय मदत करू? काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बिचारा. घरी कोनी मेलं नाही, तरी रातंदिवस हेच काम करून राहिला. मेहनती आहे."

मग त्यांनी स्वतःचीच आदरांजली लिहून मागितली. नाव, वय, भिलाई, रेल मिल. फोनने क्षणात एक पान भरलं. काकांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि 'प्रेमळ पती' व 'मनमिळाऊ स्वभाव' इथे थांबवून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का? मी मनमिळाऊ आहो!"

"कोन म्हनते?" आतून आवाज.

"मशीन म्हनते!"

"मंग त्याच्या घरी राहाले जा."

काकांनी ते पान मला वहीत उतरवायला लावलं आणि लाल पेनाने तपासलं. दहापैकी सहा गुण दिले. शुद्धलेखनाचे पूर्ण. "भाषा माह्याहून चांगली आहे याची," ते म्हणाले, "ते कबूल करा लागते." आणि वही मिटून त्यांनी मला सरळ विचारलं, "मंग मी आता काय करू?"

पुस्तकांतून जे वाचलं होतं ते त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

उत्तर निघालं एका चुकीतून, आणि ती चूक आमच्या गावातच होऊ शकते. खुर्सीपारला एका रेल्वेवाल्याची सभा होती. हा माणूस दुर्गच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात आयुष्यभर राहिला. प्लांटमध्ये त्याने पाऊल टाकलं नाही, आणि याचा त्याला विलक्षण अभिमान होता. प्लांटवाल्यांना तो 'भट्टीतले भुतं' म्हणायचा. पुतण्याने फोनला नाव, वय आणि भिलाई एवढंच सांगितलं असणार. भिलाई म्हटल्यावर फोनने जे समजायचं ते समजलं. पुतण्या वाचत होता, "या हातांनी धगधगत्या भट्टीसमोर उभे राहून देशासाठी पोलाद घडवले." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. फक्त मागच्या रांगेतला एक म्हातारा, त्याच्याबरोबर पार्सलला असलेला, शेजाऱ्याला विचारत होता, "हा कवा गेला बे भट्टीवर?"

मला वाटलं, काका आज खूश असतील. रस्ताभर फुल्ल्या मारतील. पण रेल्वे फाटकापाशी ते थांबले आणि म्हणाले, "मीबी मान हालवली."

"काका, चूक फोनची आहे."

"फोनले काय मालूम? तो तं या मानसाले ओळखतबी नव्हता. मी ओळखत होतो. तीस वर्सं. एका मानसाले गाडून दुसऱ्याले आदरांजली देल्ली आपन, अन् मी मान हालवून राहिलो." मालगाडी निघून गेली. फाटक उघडलं तेव्हा म्हणाले, "बोलाले कोनी बोलावत नाही म्हनून मी लोकायच्या घरी जानं बंद केलं. घरी जायले कोनाचं बोलावनं लागते?"

त्यानंतर महिनाभराने सेक्टर 10 मध्ये एक क्रेन ऑपरेटर गेले. निरोप आला नव्हता. काकांनी बूट घातले आणि मला बरोबर घेतलं. दार मुलाने उघडलं. तिशीतला, हैदराबादला कॉम्प्युटरच्या कामावर. दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता. काकांना पाहताच तो कसनुसा झाला.

"काका, आप क्यूँ तकलीफ... म्हणजे, भाषण तयार आहे, काका."

"चांगलं झालं. मी चहा प्यायले आलो."

दुःखाच्या घरी चहा मागणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे त्याला सुचलं नाही. आम्ही आत बसलो. काकांनी विचारलं, "तुझा बाप डब्यात काय नेत होता रे?"

"डब्यात? ...भाजी-पोळी. नॉर्मल." तो थांबला. "सच में पता नहीं, काका."

"आईले विचार."

"आत्ता?"

"मंग कवा?"

तो आत गेला. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आईचा थकलेला आवाज म्हणाला, डबा? डबा कवा खाल्ला त्यायनं. क्यांटीनचे समोसे खात अन् डबा गेटवरच्या कुत्र्याले. त्यायले वाटे, मले मालूम नाही. वीस वर्सं मालूम होतं. मुलाने विचारलं, तरी तू रोज बनवत होतीस? "मंग! सोमवारी मुद्दाम कारलं देत जावो. म्हटलं, त्या कुत्र्यालेबी कळू दे." आणि मग भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. आधी आईचं, मग मुलाचं, आणि त्याचं हसणं मध्येच तुटून तो हुंदके द्यायला लागला. काका चहाच्या कपात बघत बसले होते. आत जावं की नाही, असं मी खुणेने विचारलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली.

बऱ्याच वेळाने मुलगा बाहेर आला, समोर बसला आणि कुणी न विचारता बोलू लागला. त्याच्या कंपनीत अर्धी टीम घरी पाठवली आहे, कारण त्यांचं काम मशीन करतं. पुढच्या यादीत तो असेल. बाबांना सांगायचं राहून गेलं. "मला वाटलं, ते म्हणतील, इतना पढ़ाया, क्या फ़ायदा."

"म्हनले असते," काका म्हणाले. "मंग समोसा आनला असता."

तो पोरगा हसला. मग त्याने, मला जो प्रश्न काकांना विचारायचा धीर झाला नव्हता, तो विचारला. "तुमचं पण काम गेलं ना, काका? मग तुम्ही कशाला येता?"

काका पुढे सरकून बसले. "पाह्य, त्या मशीनले सांगा लागते. तू सांगशीन तेवढंच त्याले कळते. तुले तुह्या बापाचा डबाच मालूम नव्हता, तं तू त्याले काय सांगशीन? मले विचारा लागते." मग कप पुढे करून म्हणाले, "अन् माह्या कामात चहा जास्त आहे."

सभेत मुलाने फोन खिशातून काढला नाही. तो अडखळत, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलला. कारल्याचं सांगितलं. समोर बसलेली त्याची आई तोंडाला पदर लावून हसत होती. काका माइकपासून लांब, माझ्या शेजारी बसून होते आणि धुसफुसत होते. "माह्यापेक्षा चांगला बोलला. माल माझा होता."

पण त्या दिवसापासून निरोप परत यायला लागले. आता भाषणासाठी नव्हे. "काका, येऊन बसा थोडं, घरात कोणी बोलूनच नाही राहिलं." काका जात, विचारत, ऐकत. काही घरांतून त्यानंतर फोननेच भाषण लिहिलं, पण सांगणाऱ्याजवळ सांगायला काही होतं, त्यामुळे फोनही बरा लिहायला लागला. काकांनी त्याला एकदा दहापैकी आठ दिले. माइकला त्यांनी शेवटच्या दोन वर्षांत हात लावला नाही.

हे सगळं लिहून झालं आणि तरी मला परवा काय बोलायचं ते कळेना. म्हणून आज दुपारी मी काकूंकडे गेले. ठरवून गेले होते, की मी आता त्यांना विचारणार, वही उघडणार, टिपून घेणार. काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले, वही उघडली, वर तारीख घातली आणि पेनाचं टोपण परत लावलं.

काकूंनी परात बाजूला सारली.

"तुले त्यायचा राग कायचा आला होता?"

"मला? नाही, काकू. त्यांचा कशाला राग..."

परातीतला एक खडा उचलून काकूंनी खिडकीतून बाहेर टाकला आणि माझ्याकडे बघत बसल्या.

"वीस वर्सं मी चिठ्ठ्या लिवल्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "एक वेळाबी मले म्हटलं नाही, जा, आज तू बोल. सगळ्या भिलाईले विचारलं त्यायनं. मले कवाच नाही विचारलं."

"तू सांगतलं का त्यायले?"

"नाही."

"कावून?"

"ते विचारतीन म्हनून वाट पाहून राहिली होती."

काकू एकदम हसल्या. डोळे भरले होते, पण हसल्या. माझ्या हातातली वही त्यांनी काढून घेतली, मिटली आणि तांदळाच्या परातीखाली सरकवली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्टोव्हकडे गेल्या.

"सांग पयल्यापासून," त्या पातेलं घासत म्हणाल्या. "घाई नोको करू. तुझं झालं का मंग माझा राग आयकजो." त्यांनी पातेल्यात दोन कप पाणी ओतलं, थांबल्या, आणि आणखी दोन ओतले. "माझं लांब आहे."